मागची दांडी

आश्विनाचं ऊन पठारावरून उतरलं. पिवळं, पातळ, निवांत ऊन. आधी ते सोनकीच्या फुलांत रेंगाळलं, मग घाटाच्या वळणावळणांनी खाली आलं, भाताच्या लोंब्यांवर क्षणभर टेकलं, आणि पांगारवाडीच्या परसापरसांत फुललेल्या झेंडूत मिसळून गेलं. मग ऊन कोणतं आणि झेंडू कोणता, ते ओळखू येईना.

पीतवर्ण पठार, पीतवर्ण शिवार, पीतवर्ण परसं. साऱ्या गावाला हळद लागली होती. आणि त्या हळदुल्या, कनककोमल उजेडात एक माणूस आतल्या आत काळवंडत चालला होता. विश्राम त्याचं नाव.

हेवा कुणाचा करावा माणसानं? शेजाऱ्याचा करावा, भावकीचा करावा, गेला बाजार साहेबाचा करावा. हा गडी हेवा करत होता एका मेलेल्या माणसाचा. जिवंताशी निदान भांडता तरी येतं. मेलेला तसबिरीतून नुसता हसत राहतो, आणि त्याच्याशी भांडणार काय, कपाळ?

तसबिरीतला तो माणूस म्हणजे चंद्रसेन, वैजयंतेचा पहिला नवरा. ऐन उमेदीत काविळीनं गेला. बरीच वर्षं वैजयंता एकटी राहिली, आणि मग दोन वर्षांपूर्वी साखर कारखान्यातल्या या अबोल, उंच, लांब बोटांच्या फिटरशी तिनं रजिस्टर लग्न केलं. विश्राम तिच्या घरी राहायला आला. तिच्या घरी म्हणजे चंद्रसेनच्या घरी.

शर्ट अडकवायची खुंटी चंद्रसेनची. उंबऱ्यापाशी पायताण काढायची जागा चंद्रसेनची. चहात आलं ठेचून घालायची रीतही चंद्रसेनचीच. विश्रामला आलं मुळीच आवडत नसे, पण तो निमूट पीत असे. नको म्हटलं असतं तर तिनं घातलं नसतं. पण नको म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं तर काय काय बाहेर येईल याची त्याला धास्ती होती.

आणि शेडमध्ये भुंगा होता.

काळाभोर, गोल दिव्याचा, जुन्या जमान्यातला दणकट भुंगा. तशी ती मोटारसायकल. पण घाटानं उतरताना अशी काही घुमायची, की गावानं तिला भुंगा हे नाव ठेवलं. ती घुमघुम कानावर आली की बायका म्हणायच्या, आला चंद्रसेन. चंद्रसेन गेला, घुमघुम थांबली, भुंगा ताडपत्रीखाली गेला.

कधीमधी, वैजयंता रानात गेलेली बघून, विश्राम ती ताडपत्री उचले. साऱ्या लोखंडावर तांबूस गंज, पण सीटच्या शेवटाला असलेली मागची दांडी, मागं बसणाऱ्यानं धरायची, तेवढी गुळगुळीत. वर्षानुवर्षांच्या घट्ट मुठींनी तिचा मुलामा झिजवलेला. तिथं त्याला दिसत असे वैजयंता: वाऱ्यानं विस्कटलेली, पदर खोचलेली, हसणारी, दांडी धरून मागं बसलेली. आणि तिच्या पुढं तो, रुंद पाठीचा. विश्राम त्या दांडीवरून हलकेच बोटं फिरवी, तिचीच बोटं असल्यागत. मग काळजात कळ उठे, आणि तो ताडपत्री खाली ओढून घेई.

कुठं जायचात तुम्ही दोघं? काय बोलायचात? त्यानं कधी विचारलं नाही.

मागच्या खंडेनवमीची गोष्ट तर त्याच्या मनातून जाता जात नव्हती. त्या दिवशी घरोघर अवजारं पुजतात, गाड्या पुजतात. वैजयंतेनं भुंगा धुतला, पुसला, दिव्यावर कुंकू रेखलं, झेंडूचा भरगच्च, हातभर लांब हार हँडलला घातला. आणि विश्रामची हत्यारांची पेटी? तिच्यावर परातीत उरलेली दोन फुलं. उरलेली! पोटापाण्याची कमाई आणणारी पेटी ती, आणि तिला उरलेली फुलं. माणूस एवढ्यातेवढ्यानं खट्टू होतो का? होतो हो. विश्राम वर्षभर त्या दोन फुलांनी खट्टू होता.

यंदा घट बसले, माळ चढली, आणि दुसऱ्याच सकाळी चहाचा कप पुढं ठेवत वैजयंता म्हणाली, "यंदा शिलंगण भुंग्यावरनं करू या?"

दसऱ्याला शीव ओलांडायची, पठारावरच्या आपट्याचं सोनं लुटायचं, परत यायचं. सारं गाव जातं, कुणी पायी, कुणी गाडीवरनं. तिचे डोळे असे लकाकत होते, की विश्रामनं ते तसे कधी पाहिले नव्हते. माझ्यासाठी नाहीत ते, तो मनाशी म्हणाला. तिला त्याच्या गाडीवर बसायचंय. पुढं मी असेन, पण तिच्या मिटल्या डोळ्यांपुढं तो असेल.

बघतो, एवढंच तो म्हणाला. चहात आलं फार झालं होतं.

इंजिन लबाड निघालं. साफसफाई केली, पेट्रोल घातलं, आणि चारदोन लाथांत घुमायला लागलं. विश्रामला जरा वाईटच वाटलं. पण ब्रेक? पुढचा ब्रेक मेलेला होता. लिव्हर दाबली तरी चाक आपलं फिरतंच. अशा ब्रेकवर घाट उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. आता नुसतं म्हणायचं, हे काही व्हायचं नाही, सामान मिळत नाही. दोन शब्द, आणि भुंगा जन्मभर ताडपत्रीखाली.

ते दोन शब्द जिभेवर आले होते. पण कसबी हाताचा स्वभाव वाईट. मालक जळतो, हात ऐकत नाही. मोडलेलं लोखंड समोर आलं की फिटरच्या बोटांना कंड सुटतो. विश्रामनं पाना उचलला.

चाकाच्या मध्यात एक वाटोळं भांडं असतं, त्याला ड्रम म्हणतात. त्या भांड्यात दोन अर्धचंद्र बसवलेले असतात, वर लायनर, म्हणजे घासणाऱ्या पट्ट्या, चढवलेले. लिव्हर ओढली की अर्धचंद्र फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून मिठी घालतात. मिठी पुरती पडली तर चाक थांबतं. टोकं टेकली आणि मधलं अंग अधांतरी राहिलं, तर नुसता किंचाळण्याचा आवाज येतो, चाक काही थांबत नाही.

जुने लायनर काचेगत गुळगुळीत झाले होते. विश्रामनं ते उखडून टाकले, आणि टाकताना त्याला बरं वाटलं. साताऱ्याहून आणलेले नवे चढवले. लायनरवर पांढरा खडू फासला, चाक बसवलं, फिरवलं, ब्रेक दाबला, पुन्हा उघडलं. जिथला खडू पुसला गेला तिथं उंचवटा. तिथंच कानस चालवायची, तेवढंच घासायचं, पुन्हा खडू. कानशीची खरखर, खडूची शुभ्र धूळ, उन्हाची सोनेरी तिरीप; खरखर, धूळ, तिरीप. सारी दुपार अशी गेली.

आणि घासता घासता त्याच्या ध्यानात आलं. ड्रम जुना, लायनर नवे. त्या जुन्याला घेर दिला होता चंद्रसेननं, वर्षानुवर्षं या घाटात. ड्रम आता नव्यासाठी आपला घेर बदलणार नाही. नव्यालाच झिजून झिजून त्याच्या मापाचं व्हायचं आहे. विश्रामच्या हातातली कानस एकदम जोरात चालली, आणि लायनर थोडं जास्तच घासलं गेलं. ते टाकून त्याला दुसरं चढवावं लागलं.

पण मग एक आनंदाची गोष्टही घडली. लिव्हरच्या तोंडाशी केबल ताणायची आणि सोडायची एक छोटी फिरकी असते. ती पाहिली तर चंद्रसेननं पार सैल सोडलेली. म्हणजे लिव्हर हँडलला टेकायला येईपर्यंत ब्रेक पकडायचाच नाही! शाबास रे बहाद्दर. हा म्हणे पंचक्रोशीतला मोठा स्वार. दोन वर्षांत पहिल्यांदा विश्रामला त्या माणसाची चूक सापडली होती, आणि ती त्यानं दिवसभर गुळाच्या खड्यासारखी चघळली. फिरकी आवळून त्यानं ब्रेक आपल्या लांब बोटांच्या मापाचा केला, लिव्हर जराशी ओढताच पकडणारा.

जेवताना त्याला राहवलं नाही. "तुझ्या चंद्रसेनला ब्रेक लावता येत नव्हता," तो म्हणाला. "एवढा सैल ठेवतं का कुणी?"

वैजयंतेनं भाकरी त्याच्या ताटात ठेवली.  ताटावरून उठताना तिचे डोळे भरलेले त्यानं पाहिले. झोंबलं, त्याला वाटलं, त्याच्याबद्दल बोललेलं हिला झोंबतं. आणि जिंकल्याचा सगळा गोडवा तोंडातच कडू झाला.

खंडेनवमी उजाडली. अंगणात झेंडूची रास, चुलीवर कडाकण्यांची कढई, शेडमध्ये उभा भुंगा. अर्धचंद्र आता ड्रमला सर्वांगानं टेकत होते. शेवटचं एक काम उरलं होतं. चाकाचा मधला नट आवळताना ब्रेक दाबून धरावा लागतो, म्हणजे अर्धचंद्र ड्रमच्या बरोबर मधोमध बसतात. हे काम लिव्हरला दोरी बांधूनही होतं. दोरी खुंटीला टांगलेली होती. विश्रामनं दोरीकडं पाहिलं आणि वैजयंतेला हाक मारली.

ती आली, हाताला पीठ. तिनं लिव्हर धरली आणि ओढली. पण ब्रेक पकडत होता तो लांब, जिथं तिच्या बोटांची फक्त पेरं पोचत होती. जोर येईना. पेरं निसटली, पुन्हा धरली, पुन्हा निसटली.

"बोटं पुरत न्हाईत," ती म्हणाली.

मग तिनं पदराला हात पुसला आणि वरवर, सवयीनं, न बघता, दोन बोटांनी ती फिरकी सैल केली. आंब्याची कोय पिळावी तशी सहज. लिव्हर ओढून पाहिली, आणखी थोडी फिरवली, पुन्हा ओढली. आता लिव्हर हँडलजवळ येऊन पकडायला लागली, आणि चारही बोटं तिच्यावर पुरती मिटली. पक्की, सरावलेली, निर्भय मूठ. केबल ताणली गेली, अर्धचंद्र फाकले, चाक खिळलं.

"आवळा आता," ती म्हणाली.

विश्राम नट आवळायचं विसरला. ती मूठ तो बघत राहिला. फिरकी तिथंच येऊन थांबली होती, अगदी तिथंच, जिथं चंद्रसेननं ती सैल सोडली होती.

त्यानं तेव्हाही विचारलं नाही. तिनंच सांगितलं, लिव्हरवरचा हात न काढता.

"ते मागं बसायचे."

मग बाकीचं सांगितलं, थांबत थांबत. पहाटे पठारावर निघायचे दोघं. गावातून पुढं तो, मागं ती, लोकांनी बघावं तसं. घाटाचं शेवटचं वळण सरलं की जागा बदलायच्या. तिथून पुढं सारं पठार तिचं, फुलं तिची, वारा तिचा, भुंगा तिचा. परतीला घाटाचा उतार ती उतरायची, आणि गाव दिसायच्या आधी पुन्हा जागा बदलायच्या. ब्रेक त्यानं तिच्या मुठीच्या मापाचा करून ठेवला होता. त्याच्या स्वतःच्या हाताला तो अवघडच जायचा, पण तसाच चालवायचा.

"आधी का नाही बोललीस?" विश्राम म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"तुम्ही कधी इचारलंच न्हाई," वैजयंता म्हणाली. "त्यांचं नाव निघालं की तुमचा चेहरा बघवत न्हाई मला."

त्यानं नट आवळला. हत्यारं पुसली, पेटीत ठेवली, आणि ओढ्याकडं चालता झाला.

ओढ्याचं पाणी निवळ होतं, तळचे गोटे दिसत होते. विश्रामला वाटलं होतं, गाठ सुटली म्हणजे हलकं वाटेल. कसलं हलकं अन् काय! पुढं बसणाऱ्या माणसाचा हेवा करणं सोपं होतं. रुंद पाठीचा, मिजाशीचा, बायकोला मागं बसवून मिरवणारा गडी. त्याला मनातल्या मनात शिव्या घालता येत होत्या. पण जो आपली जागा देऊन मागं बसला, जो दुसऱ्याच्या मुठीसाठी आपला हात अवघडून घेत राहिला, त्याचा हेवा करायचा तरी कसा? आणि करायचा नाही तरी कसा? पूर्वी नुसती कळ होती, आता भडका उठला. आपण तिला काय दिलं दोन वर्षांत? एक न आवडणारा चहा निमूट पिऊन दाखवला. आणि काल जेवताना, ज्या सैल ब्रेकवर हसलो, तो सैलपणा म्हणजे त्या माणसाची माया होती. विश्रामनं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. पाणीही झोंबलं.

घरी आला तेव्हा पूजा मांडलेली होती. भुंग्याला हार होता. आणि हत्यारांच्या पेटीलाही हार होता, तेवढाच भरगच्च, तेवढाच लांब. वैजयंता आरतीचं ताट घेऊन उभी होती. या खेपेला तिनं आधी पेटी ओवाळली.

दसऱ्याचं ऊन पठारावरून उतरलं. काजळ घातलेली पोरं, फेटे बांधलेले बाप्ये, शिंगांना रंग दिलेले बैल. सारं गाव वेशीपाशी जमलं. शिलंगणाला निघायची वेळ. विश्रामनं भुंगा वेशीत आणून उभा केला, आणि त्याची घुमघुम उठताच माणसांच्या माना वळल्या. केवढ्या वर्षांनी ऐकत होती ती.

वैजयंता नऊवारीत होती. रीतीप्रमाणं ती मागं बसायला आली. शेवटच्या वळणापलीकडं जागा बदलू, एवढंच तिच्या मनात असावं. विश्राम पुढं बसलेला. त्याचा उजवा हात लिव्हरवर गेला. लिव्हर त्याच्या लांब बोटांना जवळ पडत होती, अवघड, नकोशी. दोन बोटांचं काम होतं. फिरकी एवढी आवळायची, की ब्रेक आपला, गाडी आपली, पुढची जागा आपली, आणि गाव म्हणणार, आला विश्राम.

त्याची बोटं फिरकीवर गेलीसुद्धा. वैजयंतेनं ती पाहिली. मागं बसायला उचललेला पाय तिनं जमिनीवर ठेवला.

विश्राम उतरला. "पुढं बस," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

चंद्रसेननं जे वळणापलीकडं दिलं, ते विश्रामनं भर वेशीत दिलं. मायेनं दिलं की त्या मेलेल्यावर मात करायला दिलं, देव जाणे. थोडं हे असेल, थोडं ते. वैजयंतेनं त्याच्याकडं एकवार पाहिलं, काष्टा सावरला, आणि पुढं बसली. गावाचा आ वासला तो वासलाच. कुणी म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली, आता काय बघायचं राहिलं बाई. भुंगा घुमला आणि निघाला.

शिवेवरच्या म्हसोबापाशी तिनं ब्रेक लावला. चाक किंचाळलं नाही, ओढलं गेलं नाही, नुसतं थांबलं, सांगितल्यासारखं. दोघांनी हात जोडले, शीव ओलांडली. मग घाट, मग पठार, मग ते अमर्याद, पीतांबरी, वाऱ्यावर डुलणारं सोनकीचं रान. वैजयंता हसत होती. कुणासाठी हसत होती हे विश्रामनं शोधायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. ती भुंग्यावर होती म्हणून हसत होती.

आपट्याचं सोनं ओटीत घेऊन ते परत फिरले. उतार लागला. पहिलं वळण आलं. तिची चार बोटं मिटली, अर्धचंद्रांनी ड्रमला पुरती मिठी घातली, आणि विश्राम अलगद तिच्या पाठीला टेकला. इथंच, याच वळणावर, असाच तोही टेकला असेल. पुन्हा ती कळ. दुसरं वळण, पुन्हा टेकणं, पुन्हा कळ. मेलेल्याच्या खुंटीला शर्ट अडकवला, मेलेल्याच्या उंबऱ्यावर पायताण काढलं, पण त्याच्या खऱ्या जागेवर आपण आत्ता, या घडीला, पहिल्यांदा बसलो आहोत, हे विश्रामला तिसऱ्या वळणावर उमगलं.

आणि तेव्हा त्यानं विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"मागं बसून काय करायचे ते?"

"भ्यायचे," ती वाऱ्यातून म्हणाली, आणि खळखळून हसली. "घाट संपस्तोवर जीव मुठीत. मागची दांडी कधी सोडली न्हाई त्यांनी."

विश्रामनं मान वळवून आपल्या हातांकडं पाहिलं. दोन्ही हात मागं होते. पेरं पांढरी पडलेली, मुठी गच्च, आणि मुठींत ती दांडी. झिजलेली, गुळगुळीत, तिची बोटं समजून दोन वर्षं कुरवाळलेली दांडी. म्हणजे इतके दिवस आपण त्या बाबाच्या भेदरलेल्या मुठी गोंजारत होतो तर! त्याला हसू फुटलं. एवढा भीत होता, तरी बसत होता.

पुढचं वळण आलं. विश्रामनं एक एक बोट उचललं, दांडी सोडली, आणि दोन्ही हात वैजयंतेच्या खांद्यांवर ठेवले.

घाट उतरत राहिला. ऊन उतरत राहिलं. हँडलवरच्या हारातली झेंडूची पाकळी पाकळी वाऱ्यावर सुटत राहिली, वळणावळणावर सांडत राहिली. आणि सीटच्या शेवटाला ती दांडी, आश्विनाच्या उन्हात, एकटी, मोकळी, चमकत राहिली.